मामांनी अख्खं लाउंज रवाना केलं

नाशिकमधून आजवर जेवढी माणसं परगावी किंवा परदेशी गेली असतील, त्यांतली निम्मी तरी माझ्या मामेसासऱ्यांनी हात हलवून रवाना केलेली आहेत. आणि उरलेली निम्मी त्यांना न सांगता गेली, म्हणून त्यांना मामांनी अजून माफ केलेलं नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. मखमलाबादच्या पुढे त्यांचा मळा आहे. गुलाब, शेवंती, झेंडू आणि मधल्या पट्ट्यांत मेथी-कोथिंबीर. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, टोपी, आणि कोणाला सोडायला जायचं असलं की त्यावर एक तपकिरी कोट. हा कोट लग्नात दिसत नाही, बारशात दिसत नाही. मामांच्या अंगावर कोट आहे याचा अर्थ एकच, आज कोणीतरी गावाला चाललंय.

कोणाला बसमध्ये बसवून देणं हे आपल्याकडे पाच मिनिटांचं काम. मामांकडे तो अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम असतो. बस सुटण्याच्या कितीतरी आधी ते स्टँडवर हजर. आधी फलाट बघून येतात, मग ड्रायव्हर बघून येतात. ड्रायव्हरची झोप झाली आहे का, जेवण झालं आहे का, घरी सगळं ठीक आहे ना, अशी विचारपूस करून मगच आपला माणूस त्याच्या हवाली करतात. माझ्या मेहुणीला सिन्नरच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशी मामा तिला सोडायला गेले आणि कंडक्टरच्या हातात गुलाबांची जुडी देऊन म्हणाले, "साहेब, पोरगी लय झोपाळू हे. सिन्नर आलं की आवाज द्या." पोरगी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती आणि पीएच.डी. होती. कंडक्टरने मोहदरीचा घाट चढताच आवाज दिला, सिन्नरच्या अलीकडे दिला, सिन्नरमध्ये दिला, आणि पुढे वर्षभर ती त्या बसमध्ये चढली की तो अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचा, "मॅडम, आज जाग्या ना?"

गाडी हलली म्हणून मामांचं काम संपत नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते उभे राहतात, आणि वळणाआड गेल्यावरही थोडा वेळ तिथेच थांबतात. मी एकदा विचारलं, आता कशासाठी? तर म्हणाले, "काही राहिलं असलं म्हणून गाडी मागं फिरली तर? इथं कोणीतरी नको का?" मग फोन सुरू. घोटी गेली का, कसारा उतरला का, आता कुठं? मी त्यांच्या मळ्यातून निघून गंगापूर रोडवरच्या घरी येतो, म्हणजे गावातल्या गावात येतो, तरी मोटरसायकल स्टँडला लावताना खिशात फोन वाजतो: "पोचले का जावईबापू? पोचलं की कळवावं माणसानं." आमची ही एकदा भिशीच्या बायकांबरोबर सप्तशृंगीला गेली आणि तिच्या फोनची बॅटरी उतरली. संध्याकाळी वणीत सगळ्या जणी भेळ खात उभ्या असताना समोर जीपमधून मामा उतरले. हातात फुलांची परडी. हिला बघून म्हणाले, "आपलं दर्शनाला आलो होतो. तू बरी ना? बेस." आणि त्याच जीपने मागे फिरले. दर्शन नाही, काही नाही. परडी हिच्या हातात राहिली.

विमानाने जाणारे लोक वाढले तसं मामांचं कार्यक्षेत्र मुंबईपर्यंत वाढलं. आमच्या नात्यात हल्ली प्रत्येक घरात कोणीतरी बाहेर असतं, आणि त्या प्रत्येकाला विमानतळाच्या काचेच्या दारापर्यंत मामांनी सोडलेलं आहे. दारावर तिकीट नसलेल्याला अडवतात. मग मामा बाहेरून काचेच्या कडेकडेने चालतात. आत आपला माणूस डावीकडे गेला की हे बाहेर डावीकडे, तो रांगेत उभा राहिला की हे बाहेर उभे. एका खांबापाशी काच संपते आणि भिंत सुरू होते. तिथे हात वर करून थांबायचं. परतीच्या प्रवासात घोटीपर्यंत ते बोलत नाहीत. मग एकदम म्हणतात, "काचेच्या आत माणूस गेला की पुढचं आपल्याला कळत नाय बघा."

आता या माणसाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. जगाने आपल्याला कळवावं असा हट्ट धरणारे मामा स्वतःचं मात्र कोणाला काहीही कळवत नाहीत. "कसे आहात?" तर "आपलं बेस." विहिरीच्या कट्ट्यावरून घसरले, तरी बेस. आमच्या मुलाच्या बारशाला ते बोटाला रुमाल गुंडाळून आले होते. दोन दिवसांनी कळलं, बोट मोडलेलं होतं आणि त्याच हाताने त्यांनी सगळी पंगत वाढली होती. मी कारखान्यात नियोजन खात्यात काम करणारा माणूस. कुठलीही अडचण वेळेवर कळली तर अर्धी सुटते, हे मी रोज लोकांना सांगतो. मामांपुढे बोललो तर म्हणाले, "यंत्राचं सांगावं हो. माणसानं माणसाला काय घोर लावायचा?"

या स्वभावापायी मामांच्या घरात एक गोष्ट घडली, आणि ती नुसती हसून सोडून देता येत नाही. त्यांची एकुलती मुलगी वैशाली लग्न होऊन लंडनला गेली. चार वर्षांपूर्वी मामी आजारी पडल्या. सुरुवातीला ताप, मग दवाखाना, मग अतिदक्षता विभाग. वैशालीची तिकडे नवी नोकरी होती. आम्ही सगळ्यांनी मामांना सांगितलं, तिला कळवा. मामा रोज म्हणायचे, "एवढ्या लांबून ती करणार काय? उगा जिवाला घोर. उतार पडला की सांगू." उतार पडला नाही. ती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणात चपला न काढता तिने एकच विचारलं, "अण्णा, मला का नाही कळवलं?" मामा शेवंतीच्या वाफ्याकडे बघत राहिले. त्यानंतर दर आठवड्याला फोन यायचा तो जावयाचा, म्हणजे वैशालीच्या नवऱ्याचा. मागे भांड्यांचा आवाज यायचा, म्हणजे ती तिथेच असायची, पण बोलायची नाही. मामाही "तिला दे" म्हणाले नाहीत. लोकांना सोडायला जाणं मात्र त्या चार वर्षांत फार वाढलं. दूरच्या नात्यातला कोणी शिर्डीला निघाला तरी मामा कोट घालून उभे.

यंदा जावयाने मामांना बोलावलं. म्हणाला, तीन महिने येऊन राहा. गुडघ्यांचा विचार करून त्याने बिझनेस क्लासचं तिकीट पाठवलं. मला त्याच सुमारास कारखान्याच्या कामासाठी तिकडेच जायचं होतं, म्हणून मी त्याच विमानाचं साधं तिकीट काढलं. बायकोने मला एका वाक्यात जबाबदारी सांगितली, "मामांना वैशूच्या हातात द्यायचं, मग तुमचं काय ते करा." मी नेहमीप्रमाणे सगळं लिहून काढलं: पासपोर्ट, विमा, गोळ्या, गरम कपडे, घाटात गर्दी झाली तर हाताशी वेळ. दुपारचं विमान होतं. पहाटे निघायचं ठरलं होतं आणि मामा त्याआधीच दारात हजर होते. तपकिरी कोट घालून. मी म्हणालो, "मामा, आज तुम्ही जाणारे आहात." ते म्हणाले, "हां. सवयीनं चढवला."

काचेच्या दारातून आत जाताना ते क्षणभर थांबले आणि मागे वळून बाहेरच्या गर्दीकडे बघितलं. सामान, शिक्के, तपासणी सगळं झालं आणि आम्ही बिझनेस लाउंजमध्ये पोचलो. त्यांचं तिकीट त्यांना आत घेणारं होतं, माझं क्रेडिट कार्ड मला. गालिचा, मऊ खुर्च्या, एका बाजूला डोसे, इडल्या, पावभाजी, फळं, दुसऱ्या बाजूला कॉफीची यंत्रं, आणि खुर्च्याखुर्च्यांवर एकेकटी बसलेली माणसं. मामांनी सगळीकडे नजर फिरवली आणि हळूच म्हणाले, "अहो, ही सगळी चालली कुठंतरी! अन् सोडायला कोणीच नाय?"

मी कॉफी घेऊन येईपर्यंत त्यांनी काम सुरू केलं होतं. शेजारी नैरोबीला निघालेलं एक गुजराती जोडपं होतं. त्यांना मुलं किती, तिकडे दुकान कसलं, गुडघ्याला कुठलं तेल, हे सगळं त्यांच्या हिंदीत आणि मामांच्या हिंदीत झालं. त्यांची वेळ झाली तेव्हा मामांनी त्या काकूंची पिशवी उचलली, लाउंजच्या दारापर्यंत गेले, ते दोघं वळणाआड जाईपर्यंत हात वर धरून उभे राहिले, आणि वर थोडा वेळ थांबून परत आले. मग टोरांटोला चाललेले एक सरदारजी. मग फ्रँकफर्टला निघालेली, लॅपटॉपमधून मान वर न काढणारी एक बाई. तिने सुरुवातीला मामांना लाउंजचे कर्मचारीच समजून चमचा मागितला. मामांनी आणून दिला. जाताना ती म्हणाली, "थँक यू, अंकल." मामा म्हणाले, "पोचल्यावर घरी फोन कर बरं." ती दारात थांबली, आणि तिथूनच कोणाला तरी फोन लावत बाहेर पडली.

अशा लाउंजमध्ये विमानांच्या घोषणा होत नाहीत. ज्याने त्याने पडद्यावर बघायचं. मामांना ही व्यवस्था अजिबात पटली नाही. ते मला दर थोड्या वेळाने विचारायचे, "दुबईवाल्याचं काय झालं?" कारण दुबईवाला कोपऱ्यात घोरत होता. मी पडद्यावर पाहिलं तर त्याच्या विमानाचं दार बंद व्हायला आलेलं. मामांनी त्याला खांद्याला धरून असा हलवला, की तो "सही कुठं करू?" म्हणत उठला. नगरकडचा निघाला. बूट हातात घेऊन धावत सुटला आणि मामा त्याच्या मागे त्याचा चष्मा घेऊन धावले. दारावरच्या मुली आता मामांकडे बघून हसत होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "सर, तुमचे काका रोज आले तर आमची कटकटच मिटेल."

या सगळ्यात मामांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मी दोनदा बशी भरून आणली, दोनदा ती तशीच परत गेली. "भूक नाय." मग त्यांनी माझ्याकडे पाठ करून कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं आणि पटकन एक गोळी तोंडात टाकली. माझ्या यादीत मामांच्या गोळ्या म्हणजे गुडघ्याच्या आणि रक्तदाबाच्या. हे पाकीट वेगळं होतं. माझे वडील शेवटची सहा वर्षं हृदयासाठी हीच गोळी घेत होते, त्यामुळे मी ते लांबून ओळखलं.

"मामा, ही कधीपासून?"

"कोणती?"

"मामा."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "दिवाळीपासनं. अँजिओ केली. एक स्टेन टाकलाय. आता बेस हे."

"दिवाळीत तुम्ही वणीला गेला होता ना? आम्हाला प्रसाद पाठवलात!"

"प्रसाद वणीचाच होता. शेजारच्या निवृत्तीनं आणून दिला. मी आपला नाशकातच होतो, दवाखान्यात."

मी संतापलो होतो, पण आधी कामाचं विचारलं. डॉक्टरांनी विमानाला परवानगी दिली आहे का? दिली होती. कागद आहे का? होता. मी तो नीट वाचला, माझ्या फाइलमध्ये ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं. आमच्या विमानापुढे दाराचा क्रमांक आला होता. "चला मामा, आपली वेळ झाली."

मामा उठले नाहीत. पलीकडे सिंगापूरला जाणाऱ्या, पुण्याच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे बोट करून म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मी या ताईंना लावून देतो अन् येतो."

"त्यांच्या विमानाला अजून दोन तास आहेत."

"मग बसू की."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मामा सकाळपासून नुसतं लोकांना सोडत नव्हते. ते स्वतःचं निघणं लांबवत होते. मी परत खाली बसलो. ते गालिच्याकडे बघत म्हणाले, "जावईबापू, घ्यायला ती येईल का?"

"जावई येणार आहेत. पक्कं आहे."

"जावई येतील ते मला ठावं हे. ती नाय आली तर मी कोणत्या तोंडानं त्या घरात शिरू? तीन महिने ती भांडी वाजवणार अन् मी खिडकीतून बघत बसणार. त्यापरीस मी हितूनच मागं फिरतो. तिला सांगा, गुडघा धरला."

"आणखी एक लपवाछपवी?" मी बोलून गेलो. मामेसासऱ्याशी असं बोलायचं नसतं. पण बोललो होतो. "मामा, तिला आत्ता फोन करा. निघालो म्हणून सांगा. आणि दिवाळीचंही सांगा."

"येडे का तुम्ही? तिकडं आता सकाळ हे, ती कामावर निघायच्या गडबडीत असंल. एवढ्या लांबून ती करणार का..." आणि मामा वाक्याच्या मध्येच थांबले. आपलंच बोलणं दुसऱ्या कोणाकडून ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. बराच वेळ त्यांनी टोपी हातात फिरवली. मग फोन माझ्यापुढे धरला. "लावून द्या."

मामांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन सगळ्या जगाला ऐकू जाईल असाच लावावा लागतो. मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"हॅलो," वैशाली म्हणाली.

"वैशू, मी बोलतो."

मागे नळ वाहत होता. "बोला."

"विमानतळावर हे. आता निघतो."

"बरं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ते एका दमात बोलले, "अन् एक सांगायचंय. दिवाळीत माझ्या छातीत दुखलं. अँजिओ झाली. एक स्टेन टाकला. कोणालाच सांगितलं नव्हतं, तुलाबी नाय. आता बरा हे. पण झालं होतं."

नळ बंद झाला.

"जवळ कोण होतं?"

"निवृत्ती होता."

"पुन्हा नाही सांगितलंत, अण्णा."

"नाय सांगितलं."

"पुन्हा!"

"हां. म्हणून तर आता सांगतो ना, बाई." मामांचा आवाज बारीक झाला होता. "मला जमत नाय ते. तुझ्या आईच्या वक्ताला बी नाय जमलं."

पुण्याच्या बाईंनी हातातलं मासिक चेहऱ्यासमोर धरलं. पलीकडून वैशालीने नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती एकदम चिडून बोलायला लागली, "गोळ्या कुठे ठेवल्यात? मोठ्या बॅगेत टाकल्या नाहीत ना?"

"नाय, कोटात हेत."

"तिथेच राहू देत. काही खाल्लं का?"

"खातो आता."

"खातो नाही, खा. आणि इकडे उतरल्यावर लोकांच्या बॅगा उचलत फिरू नका. सरळ बाहेर या. मी उभी असेन."

मामांनी फोन खिशात ठेवला, टोपी घातली आणि उभ्या-उभ्या दोन इडल्या खाल्ल्या. चटणी घ्यायलाही थांबले नाहीत. मला म्हणाले, "चला, चला, काय बसलात? विमान थांबतंय का आपल्यासाठी?" आणि माझ्यापुढे चालायला लागले. पुण्याच्या बाईंनी हात हलवला. मामांचं लक्षच नव्हतं.

लंडनच्या विमानतळावर वैशाली खरंच उभी होती, नवऱ्याच्या दोन पावलं पुढे. तिला पाहून मामांनी सामानाची गाडी ढकलायची थांबवली, तसे मागचे लोक आमच्यावर येऊन आदळले. मामा मला म्हणाले, "वाळली हो." ती जवळ आली, वाकून पाया पडली, आणि उठताना आधी त्यांच्या कोटाचा खिसा चाचपून पाहिला. मी माझं काम झालं असं बायकोला कळवलं आणि हॉटेलवर गेलो.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. वैशालीचा नवरा त्यांच्या लहान मुलाला घेऊन बागेत गेला होता. दार उघडंच होतं. आतून मामांचा आवाज येत होता, सलग, एका सुरात, मी तो इतका सलग कधी ऐकला नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो तर वैशाली ओट्याशी पाठमोरी मेथी निवडत होती आणि मामा स्टुलावर बसून सांगत होते. "...मंगळवारी सकाळी तुझ्या आईला ताप आला. मी म्हटलं, साधा असंल. तिनं भाकरी केल्या त्या दिवशी. बुधवारी उठवेना. तेव्हा तिनं तुझं नाव काढलं. मी म्हटलं, सांगू दोन दिवसांनी. बेस्तरवारी..." वैशाली एकेक पान खुडून ताटात टाकत होती. मध्येच मान न वळवता तिने विचारलं, "तेव्हा तिच्या अंगावर कुठली साडी होती?" मामा आठवायला थांबले. म्हणाले, "हिरवी. तू पाठवलेली."

मी पाय न वाजवता मागे आलो आणि बाहेरच्या खोलीत बसलो. बुधवार संपून गुरुवार लागला होता आणि अजून बरेच दिवस सांगायचे होते. जेवायला फार उशीर झाला. मीही आवाज दिला नाही.